देवावर भरवसा, रोजची ओढाताण आणि मनातली शंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लहानपणापासून मंडळीत वाढलेल्यांकडूनही येतात आणि नव्याने विश्वासात आलेल्यांकडूनही. बहुतेक वेळा उपासना संपल्यावर, बाकीचे निघून गेल्यावर, हळू आवाजात विचारले जातात. विचारणाऱ्याला वाटत असतं की असं विचारणंच चूक आहे. ते चूक नाही. उत्तरांत शास्त्रातल्या अध्याय-ओव्या दिल्या आहेत, त्या पुढे जाऊन स्वतः वाचाव्यात. एकेक वचन सुटं न वाचता आधीचा-नंतरचा भागही वाचला तर जास्त उमगतं.

माझा देवावर विश्वास आहे, तरी मनात शंका येतात. मग माझा विश्वास खोटा आहे का?

नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला बाप पाहा. मुलगा लहानपणापासून आजारी. शिष्यांनी प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही. भोवती शास्त्री वाद घालत उभे. हा बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. त्या ‘असेल तर’मध्ये कितीतरी वर्षांची निराशा साठलेली आहे. येशू नेमकं त्याच शब्दांवर बोट ठेवतो आणि तो माणूस ओरडून म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” विश्वास आणि अविश्वास, दोन्ही एकाच वाक्यात.

यावर येशूने काय केलं? आधी मन साफ करून ये, मग बघू, असं सांगून त्याला परत पाठवलं नाही. मुलगा बरा केला. त्या बापाकडे जेवढा विश्वास होता तेवढा घेऊन तो योग्य माणसाकडे आला होता, आणि तेवढं पुरलं.

बाप्तिस्मा करणारा योहान तर याहून मोठं उदाहरण आहे. येशूवर आत्मा उतरताना त्याने स्वतः पाहिला होता, लोकांसमोर तशी साक्षही दिली होती. पुढे तुरुंगात पडल्यावर तोच शिष्यांकरवी विचारतो की जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी (मत्तय ११). येशू रागावत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे जाऊन त्याला सांगा, एवढंच म्हणतो. आणि निरोपे पाठ फिरवतात न फिरवतात तोच जमावापुढे योहानाची थोरवी गातो: स्त्रियांपोटी जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी झाला नाही. ज्या दिवशी योहानाने शंका विचारली, त्याच दिवशी प्रभूने त्याच्याविषयी हे उद्गार काढले. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

पण याकोबाच्या पत्रात तर लिहिलंय की शंका धरणाऱ्याला काही मिळणार नाही?

याकोब १:६ ते ८ सलग वाचा. तो ज्याला धारेवर धरतो तो ‘द्विबुद्धी’ माणूस आहे. देवाकडे मागायचं आणि त्याच वेळी देवाला वगळून दुसरी सोय पाहून ठेवायची, असं त्याचं दुहेरी मन असतं. प्रामाणिक प्रश्न घेऊन देवापुढे रडणाऱ्याबद्दल ते नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू डोंगरावर शिष्यांना भेटतो. त्यांनी त्याला नमन केलं, पण काहींना संशय वाटला, असं तिथे सरळ लिहून ठेवलंय (२८:१७). त्या काहींना बाजूला काढलं नाही. सगळ्या राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, ही आज्ञा त्यांनाही मिळाली.

एक मात्र खरं, शंका नुसती उराशी बाळगत बसलं की ती कुजते. येशू पुन्हा उठला यावर स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं शिष्य थोमा म्हणाला, म्हणून त्याला आपण संशयी म्हणून नावं ठेवतो. पण आठ दिवसांनी येशू पुन्हा आला तेव्हा थोमा घरात बाकीच्यांबरोबर होता. संशय असूनही तो त्यांच्यातून उठून गेला नव्हता, आणि त्यांनीही त्याला घालवला नव्हता.

मी कोणत्याच लायकीचा नाही असं सारखं वाटतं. देवाला माझा काय उपयोग?

ज्यांना देवाने बोलावलं, त्यांच्यातले बरेच जण हेच म्हणाले. जळत्या झुडपापाशी मोशेने एकामागून एक सबबी सांगितल्या (निर्गम ३ आणि ४). मी कोण? तुझं नाव काय सांगू? लोकांनी विश्वास ठेवला नाही तर? माझी जीभ जड आहे. आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. गिदोन द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. तो म्हणाला, मनश्शेच्या वंशात माझं कूळ सगळ्यात दुबळं आणि माझ्या घरात मी सगळ्यात लहान. यिर्मया म्हणाला, मला बोलता येत नाही, मी लहान आहे.

देवाने यातल्या प्रत्येकाला काय उत्तर दिलं ते नीट पाहा, कारण आपण एकमेकांना धीर देताना जे बोलतो त्यापेक्षा ते अगदी वेगळं आहे. आपण म्हणतो, अरे, तू हुशार आहेस, तुला जमेल, स्वतःवर विश्वास ठेव. देव मोशेला असं काही म्हणत नाही. फारोच्या घरात तुझं शिक्षण झालंय, तुला राजदरबाराची रीत ठाऊक आहे, यातलं तो एक अक्षरही काढत नाही. ते सगळं खरं होतं, तरीही. ‘मी कोण?’ या प्रश्नाला तो म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. गिदोनाला तेच. यिर्मयालाही तेच. तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या काळांतली, आणि उत्तर एकच.

यातून मला जे कळतं ते असं. स्वतःविषयीची शंका मिटवण्यासाठी आपण स्वतःकडेच जास्त निरखून पाहतो. आपले गुण मोजतो, आपल्या चुका मोजतो, बेरीज-वजाबाकी करतो. हिशेब कधी जमेचा निघतो, कधी तोट्याचा, आणि त्याप्रमाणे मन वर-खाली होत राहतं. देव आपल्याला त्या हिशेबातूनच उठवतो. ‘मी पुरेसा आहे का’ या प्रश्नाच्या जागी तो ‘माझ्यासोबत कोण आहे’ हा प्रश्न ठेवतो. त्यानंतरही मोशेची जीभ लगेच मोकळी झाली नाही. अहरोनाला सोबत घ्यावं लागलं. तरी तो मिसरात गेला.

आणि तुमचं मोल? ते तर काम सुरू होण्याआधीच ठरलेलं आहे. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं निर्माण केलं, हे शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं प्रेषित पौल लिहितो (रोम ५:८). आपण सुधारल्यावर नव्हे, त्याआधी. नापास झालेल्या, नोकरी गेलेल्या, लग्न मोडलेल्या माणसाचं मोल त्या घटनेनंतर कमी झालं, असं म्हणायला शास्त्रात कुठेही आधार नाही.

मग आत्मविश्वास असणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही का?

शोभतं की. आपल्याला येणारं काम आपल्याला येतं हे मान्य करणं म्हणजे गर्व नव्हे. पौल आपल्या कष्टांविषयी मोकळेपणाने लिहितो आणि लगेच म्हणतो, ते मी नाही, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केलं (१ करिंथ १५:१०). तेवढं भान राहिलं म्हणजे झालं. खोटी नम्रता, म्हणजे आलेलं काम ‘मी कुठला’ म्हणून टाळणं, हीसुद्धा अनेकदा भीतीच असते.

काळजी करणं पाप आहे का? मला रात्र-रात्र झोप येत नाही.

‘काळजी करू नका’ हे येशूचं बोलणं आपण बऱ्याचदा दटावणीच्या सुरात वाचतो आणि मग काळजीवर अपराधी भावनेची भर पडते. मत्तय ६:२५ पासून शेवटपर्यंत पुन्हा वाचा. तो पाखरं दाखवतो, रानातली फुलं दाखवतो, तुमच्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे असं सांगतो. हे घाबरलेल्या माणसाची समजूत काढणं आहे. शेवटी तो हेही मान्य करतो की प्रत्येक दिवसाला त्या दिवसाचं दुःख असतंच. उद्या काही वाईट होणार नाही, असं आश्वासन त्यात नाही. उद्याचं ओझं आज उचलू नका, एवढंच आहे.

देव आपल्या लोकांना हा धडा फार आधीपासून देत आलाय. वाळवंटात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळाला तो रोजचा रोज. जास्तीचा साठवून ठेवला की सकाळी त्यात किडे पडत आणि घाण सुटे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दोन दिवसांचा गोळा करायचा आणि तो टिकायचा (निर्गम १६). येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर आज मागतो. वर्षभराची एकदम मागत नाही. आपल्याला मात्र पाच वर्षांनंतरच्या संकटाचं बळ आजच हवं असतं, आणि ते अंगात जाणवत नाही म्हणून आपण घाबरतो. पण ते बळ आजचं नाहीच. त्या दिवसाचं आहे, त्या दिवशी मिळेल.

प्रेषितही काळजीतून सुटले नव्हते. सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते, असं पौल लिहितो (२ करिंथ ११:२८). जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या आपल्या सहकाऱ्याला, एपफ्रदीताला, तो फिलिप्पैच्या मंडळीकडे परत पाठवतो, कारण त्याला पाहून तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख कमी होईल, असं म्हणतो (फिलिप्पै २:२८). हाच पौल त्याच पत्रात पुढे लिहितो की कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, सगळ्या गोष्टींत प्रार्थना आणि विनंती करून आभारासह आपली मागणी देवाला कळवा. काळजी कशी असते हे ठाऊक असलेल्या माणसाचा हा सल्ला आहे, आणि तोही कैदेतून लिहिलेला.

रात्री जाग आली तर एक करून पाहा. भीती मोघम ठेवू नका, तिला नाव द्या. ‘प्रभू, मला पैशांची काळजी आहे’ एवढ्यावर न थांबता नेमका कोणता हप्ता, कोणाचं देणं, कोणती तारीख, तेही सांगा. मग त्यातलं उद्या करता येण्यासारखं एक काम कागदावर लिहा. बाकीचं त्याच्या हाती सोपवून पडून राहा. झोप लगेच येईलच असं नाही, पण निदान अंधारात एकट्याने झुंजायला नको.

देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे आपण काही करायचं नाही का?

यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चालून येणार असं कळलं, तेव्हा नहेम्या लिहितो की आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला (नहेम्या ४:९). दोन्ही एकाच ओवीत. अर्ज भरा, अभ्यास करा, देणेकऱ्याशी बोला, तपासणी करून घ्या. भरवसा कष्टांच्या आड येत नाही. आपण सगळं केल्यावरही जे आपल्या हातात नसतं, त्याच्यापायी जीव जाळत बसण्यापासून तो वाचवतो.

प्रार्थनेला बसलं की मन लागत नाही, शब्दच सुचत नाहीत. काय करावं?

शब्द नसले तरी बसा. कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात आहे (८:२६). पौल इथे ‘आपल्याला’ म्हणतो, स्वतःलाही त्यात धरतो.

हन्नेची गोष्ट वाचा, १ शमुवेल १. ती मनातल्या मनात बोलत होती, नुसते ओठ हलत होते, म्हणून एली याजकाला ती प्यायली आहे असं वाटलं. बाहेरून पाहणाऱ्याला प्रार्थनाही न वाटणारी अशी ही प्रार्थना होती. ती म्हणाली, मी परमेश्वरापुढे आपलं मन मोकळं करत होते. त्यानंतर ती जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. मूल तर अजून कुठेच नव्हतं. मन हलकं आधी झालं, मागणं नंतर पुरं झालं.

स्वतःचे शब्द आटले असतील तर स्तोत्रं मोठ्याने वाचा. दीडशे आहेत, मनाची कोणतीही अवस्था असो, तिच्याजवळचं एखादं सापडतंच. सुरुवातीला १३, ४२ आणि १३० ही घ्या. तिन्ही छोटी आहेत.

देवावर राग आला तर? त्याच्यापुढे तक्रार केलेली चालते का?

चालते. आणि मी तर म्हणेन, मनात राग असताना गोड प्रार्थना करण्यापेक्षा ते बरं. ‘हे परमेश्वरा, तू कोठवर मला विसरणार?’ असं तेराव्या स्तोत्रात दावीद विचारतो, आणि हा ‘कोठवर’ दोन ओव्यांत पुन्हा पुन्हा येतो. यिर्मया तर देवाला म्हणतो की तू मला फसवलंस (२०:७). ही वाक्यं पवित्र शास्त्रातून गाळली गेली नाहीत.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट लक्षात घेण्यासारखा आहे. सगळं गमावून दुःखात बसलेल्या ईयोबाने देवाला धारेवर धरलं होतं, मित्रांनी देवाची बाजू घेऊन मोठी सुंदर भाषणं केली होती. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत (४२:७). ईयोबालाही देवाने चार खडे बोल ऐकवले, हे खरं. पण तो देवाशी बोलत राहिला होता, आणि मित्र फक्त देवाविषयी बोलत राहिले.

इतकी वर्षं मागतोय, तरी देव देत नाही. माझा विश्वास कमी पडतो का?

‘तुझा विश्वास पुरेसा असता तर मिळालं असतं’ हे वाक्य दुखावलेल्या माणसाला ऐकवणारे लोक मंडळ्यांमध्ये आहेत. कृपा करून ते मनावर घेऊ नका. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरतो, असं येशूने सांगितलं, ते याच धास्तीवर उत्तर आहे.

पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो काय होता हे त्याने सांगितलेलं नाही, आणि त्यामुळेच आपल्यातल्या प्रत्येकाला आपला काटा त्या जागी ठेवून ते वाचता येतं. तो दूर व्हावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. उत्तर आलं: माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते (२ करिंथ १२). काटा तसाच राहिला. ज्याच्या अंगावरच्या रुमालांनी लोक बरे झाले (प्रेषितांची कृत्ये १९:१२), त्याचं स्वतःचं दुखणं गेलं नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आणि गेथशेमाने बाग, येशूच्या अटकेची रात्र. खुद्द पुत्राने, तोंडावर पडून, हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. जी प्रार्थना येशूचीही जशीच्या तशी पूर्ण झाली नाही, तशीच एखादी आपली राहिली, तर त्यावरून देवाचं आपल्यावर प्रेम नाही असा अर्थ काढता येत नाही.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपण विश्वासवीरांचा म्हणून वाचतो. त्यात सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आणि त्यांच्याच रांगेत करवतीने चिरले गेलेलेही आहेत. या सर्वांविषयी उत्तम साक्ष असूनही त्यांना वचनानुसार फळप्राप्ती झाली नाही, असं तिथे लिहिलंय (११:३९).

‘असंच का’ या प्रश्नाचं तुमच्या बाबतीतलं उत्तर शास्त्र देत नाही, आणि ज्याने कोणी ते छातीठोकपणे दिलं त्याच्यापासून जरा जपून राहा. मागणं सोडू नका. आणि त्या मागण्याजवळ दुसरंही एक मागणं ठेवा: प्रभू, हे मिळेपर्यंत, किंवा मिळालं नाही तरी, मला तुझ्यापासून तुटू देऊ नकोस.

माझ्यावर आलेलं संकट माझ्या पापाची शिक्षा आहे का?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होते असं समजू नका, हेही तोच सांगतो (लूक १३:४). आपल्या चुकांचे परिणाम आपल्याला भोगावे लागतात, हे आहेच. खोटं बोललो तर लोकांचा विश्वास उडतो. पण आजार, अपघात, नोकरी जाणं या प्रत्येक गोष्टीमागे एखादं जुनं पाप हुडकत बसण्याची गरज नाही. शिक्षा वधस्तंभावर भोगून झाली आहे.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. आता क्षमा मागायचीही लाज वाटते.

ती लाज तुम्हाला कुठे नेते, ते पाहा. पवित्र आत्मा पापाची जाणीव करून देतो तेव्हा एक विशिष्ट गोष्ट समोर येते आणि पाय देवाकडे वळतात. ‘तू आहेसच तसा, तुझं काही होणार नाही’ असा मोघम आणि सर्वांगाला लागणारा ठपका मात्र माणसाला देवापासून लपायला लावतो. तो आवाज प्रभूचा नव्हे. जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही (रोम ८:१).

अटकेच्या रात्री ‘मी याला ओळखत नाही’ म्हणून शिष्य पेत्र आपल्याला तीनदा नाकारणार, हे येशूला आधीच ठाऊक होतं. तरी तो आधीच म्हणाला, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). पडण्याआधीच उठल्यानंतरचं काम नेमून दिलं. आणि पुढे समुद्रकिनारी, कोळशाच्या विस्तवापाशी, न्याहारी वाढून झाल्यावर त्याने पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्रीचा उल्लेखही केला नाही.

आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असं योहान लिहितो (१ योहान ३:२०). तेव्हा क्षमा मागा, शंभराव्यांदा असली तरी. आणि एवढ्यावर न थांबता, तेच पाप वारंवार होत असेल तर एखाद्या भरवशाच्या विश्वासी माणसाला ते सांगा. एकट्याने लढलेल्या लढाया बहुधा त्याच जागी हरतात.

‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन धरून बसले, पण तसं काही झालं नाही.

यिर्मया २९:११ हे वचन बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आदल्याच ओवीत ७० वर्षांची मुदत आहे. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना देव काय सांगतो? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. लवकर सुटका होईल अशी गोड भविष्यवाणी करणारे संदेष्टेही तिथे होते. त्यांचं ऐकू नका, असं त्याच पत्रात बजावलंय.

‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो’ याचंही तसंच. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ते म्हणतो, म्हणायला हरकत नाही. पण पौल तिथे उपाशी राहण्याबद्दल आणि पोटभर जेवण्याबद्दल, संपन्नतेबद्दल आणि विपन्नतेबद्दल बोलतोय. कोणत्याही स्थितीत टिकून राहण्याचं ते बळ आहे. असं वाचलं की ही वचनं लहान होत नाहीत, उलट वाईट दिवसांतही हाताशी राहतात.

बाकी सगळे मंडळीत आनंदी दिसतात. मीच असा का?

स्तोत्रकर्ता आसाफही म्हणाला होता की दुसऱ्यांचं बरं चाललेलं पाहून माझे पाय घसरलेच होते (स्तोत्र ७३). आपण दुसऱ्यांचा रविवारचा चेहरा आणि आपली आठवडाभराची झुंज यांची तुलना करतो, आणि ती तुलना मुळातच चुकीची असते. तुम्ही स्वतः एका माणसाजवळ खरं बोललात की बहुधा तोही खरं बोलू लागतो. सगळ्यांना सांगायची गरज नाही. ज्याच्या पोटात गोष्ट राहते आणि जो ऐकून घेतल्याबरोबर उपदेश सुरू करत नाही, असा एक माणूस शोधा.

प्रार्थनेत, उपासनेत काहीच जाणवत नाही. देवाने मला सोडलं का?

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी आशेची एकही ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते म्हणणारा दिवस-रात्र देवालाच हाक मारतो आहे.

मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला. कित्येक दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं. त्या काळात त्या प्रार्थना करत राहिल्या आणि मरणाऱ्यांची सेवा करत राहिल्या. पंडिता रमाबाईंचा अनुभव वेगळा होता. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त स्वतः सापडायचा राहिला आहे. मग त्यांनी आपला सगळा भार त्याच्यावर टाकला. तेव्हा मनातला रितेपणा एकाच प्रकारचा नसतो. कधी तो चालत राहण्याचा काळ असतो. कधी तो आपल्याला सांगत असतो की मी धर्म पाळतोय, पण प्रभूशी बोलत नाही. तुमचं कोणतं, हे प्रामाणिकपणे तपासा, पण भावना आल्या-गेल्या म्हणून देव आला-गेला असं धरू नका.

उदासी कित्येक आठवडे जात नाही. डॉक्टरांकडे गेलो तर तो अविश्वास ठरेल का?

अजिबात नाही, आणि हे मी जितक्या जोराने सांगता येईल तितक्या जोराने सांगतो.

संदेष्टा एलीयाने कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिला. त्यानंतर लगेच ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. दूत आला, त्याने भाकर आणि पाणी दिलं. एलीया पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, कारण तुला पल्ला लांबचा आहे. झोप, अन्न, पाणी, मग प्रवास, आणि त्यानंतर होरेब डोंगरावर देवाशी संवाद. एकटाच उरलोय असं तो म्हणत राहिला, तर देवाने त्याला सांगितलं की इस्राएलात अजून ७ हजार आहेत. शरीर थकलं की मनाला सगळं काळंच दिसतं, हे देवाला ठाऊक आहे.

लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या वारंवारच्या दुखण्यांसाठी आणि पोटासाठी पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. फक्त प्रार्थना कर असं म्हणत नाही. लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन (१८३४–१८९२) यांना खोल नैराश्याचे झटके येत आणि ते त्याविषयी आपल्या मंडळीशी आणि विद्यार्थ्यांशी उघडपणे बोलत.

झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, रोजची कामं होईनाशी झाली असतील आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाली तर ती आपल्या मनाने बंद करू नका, कोणी प्रार्थना करून ‘आता बरा झालास’ म्हटलं तरीही. आणि जीव नकोसा झाल्याचे, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच, आत्ता, जवळच्या माणसाला सांगा आणि एकटे राहू नका. तातडीची वैद्यकीय मदत घ्या. पाळकांना नंतर सांगितलं तरी चालेल.

घरातलं माणूस विश्वासात डळमळलंय. मी त्याला काय सांगू?

सुरुवातीला काहीच नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं. जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, असं यहूदाच्या पत्रात आहे (ओवी २२). वाद जिंकायला जाऊ नका. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे वचन खरं आहे, पण ताज्या दुःखात ते तोंडावर फेकू नका. ते त्याला स्वतःला आठवू द्या. जेवण नेऊन द्या, दवाखान्यात सोबत जा, तो बोलला तर ऐका. उपासनेला चल म्हणून एकदा विचारा, नाही म्हणाला तर चिडू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. आणि त्याच्यासाठी रोज, नाव घेऊन, प्रार्थना करा. चौघांनी आपल्या पक्षाघाती मित्राला छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क २:५ मध्ये लिहिलंय. त्याचा विश्वास थकला असेल त्या दिवसांत तुमचा त्याच्या कामी येऊ द्या.